चाळीस नंबरचं माकड

आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि सरकारी आहे. आम्ही त्याला ज्योतिषीबुवा म्हणतो. बाहेरचा ज्योतिषी हात बघून पुढचं सांगतो, आमचे बुवा हाड बघून मागचं सांगतात, एवढाच फरक. शिवाय हे दक्षिणा घेत नाहीत, फक्त वीज खातात. ती इतकी खातात, की बुवा कामाला बसले की पुण्यातल्या आमच्या मजल्यावर कुणी चहाची किटली लावायची नाही असा नियम आहे.

मी मनाली केळुसकर. नामशेष झालेली माकडं कशी हिंडत होती, हे त्यांच्या हातापायांच्या हाडांवरून ठरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी ‘संशोधन करते’ एवढंच सांगते. पुढचं सांगितलं की लोक माझ्या आईकडे सहानुभूतीने बघतात.

यात जादू काहीच नाही. हाडाचा बाहेरचा आकार बराचसा घराण्याकडून आलेला असतो. माकडाच्या पोटी जन्मलात तर कोपर माकडाचं मिळतं. पण दंडाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या टोकाशी, आतल्या बाजूला, हाडाच्याच बारीक काड्यांची जाळी असते. ही जाळी जन्मभर मोडत आणि नव्याने बांधली जात असते. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेच्या काड्या जाड होतात. भार येईनासा झाला की शरीर तिथला माल काढून घेतं, उगाच काही ठेवत नाही. त्यामुळे घराण्याने दिलेल्या आकाराच्या आत त्या एका जिवाने प्रत्यक्षात काय केलं त्याची नोंद सापडते. बुवा हाड न कापता ही जाळी बघतात, ओळखीच्या शेकडो प्राण्यांच्या जाळ्यांशी ताडतात आणि पडद्यावर एक सांगाडा चालवून दाखवतात.

जिवंत हाडात आणखी एक सोय आहे. नुकतं बांधलेलं हाड खनिजांनी पुरतं भरलेलं नसतं, जुनं भरलेलं असतं. त्यावरून बुवा गेल्या पाच-सहा वर्षांचा हिशोब सहामाहीवार मांडू शकतात. जीवाश्मात मात्र मातीतली खनिजं शिरून सगळं एकसारखं झालेलं असतं. तिथे नक्षी उरते, तारखा पुसल्या जातात.

आमचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे चाळीस नंबर. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेलं, वीसेक लाख वर्षांपूर्वीचं माकड. त्याचं दंडाचं हाड, मांडीचं हाड आणि कमरेच्या हाडाचा, आपण ज्यावर बसतो तो तुकडा, एवढंच आमच्याकडे होतं. दंडाच्या हाडावर लोंबकळण्याचा भार नव्हता. म्हणून ते झाडावरचं नाही, जमिनीवर चालणारं आहे, असं आमच्या प्रमुख ओगलेमॅडम आठ वर्षं सांगत आल्या होत्या. निबंध तयार झाला, तपासनिसांकडे गेला आणि एका शंकेखोराने तो परत पाठवला. तुमची तुलनेची माकडं प्राणिसंग्रहालयातली आहेत, त्याने म्हटलं होतं, ती दिवसभर लोळतात. जन्मभर खरोखर झाडावर चढलेला आणि स्वतःची हकिगत स्वतः सांगू शकेल असा एखादा जीव आणा.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझे बाबा वेंगुर्ल्याच्या पुढे, वेळशेत गावात पाडेली आहेत. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. पंधराव्या वर्षापासून चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी दुसरं काही केलेलं नाही.

बाबा पुण्याला आले ते नवा शर्ट घालून. स्कॅनरच्या बोगद्याकडे त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं.

“ह्या भोकात माका घालतलंस?”

“दुखाचा नाय, बाबा.”

“दुखाचा कोण म्हणता? बाहेर कधी काढतलंस ता सांग.”

आधी फॉर्म भरायचा होता. तो मीच भरून घेतला, आणि इथेच चूक झाली. खोलीत मी होते, ओगलेमॅडम होत्या, दोन तंत्रज्ञ मुली कौतुकाने कान टवकारून उभ्या होत्या. मी विचारलं, चढता कसे?

“कसो म्हणजे? माझो बापूस चढा तसो,” बाबांचा आवाज जरा वर गेला. “पायात काथ्याचो फास. वर गेल्यार डावो हात माडाक, उजव्या हातात कोयतो. आता ती यंत्रा इली हत, सायकलीसारखी. तेच्यार बसान वर जातत. ते पाडेली न्हय, ते पॅसेंजर.”

मुली हसल्या. मी लिहिलं: पारंपरिक पद्धत, एकोणपन्नास वर्षं, बदल नाही. बाबांनी खाली सही केली.

दहा दिवसांनी बुवांनी दंडाच्या हाडांचा अहवाल दिला. उजवा दंड बघून मला अभिमान वाटला, असा दंड मी कुठल्या माणसात पाहिला नव्हता. मग डावा उघडला. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत तो उजव्याच्याही वरचढ होता. तिथून पुढे प्रत्येक सहामाहीत त्याच्यावरचा भार कमी होत गेला होता. शेवटच्या सहामाहीत तर तो एखाद्या बँकेतल्या माणसाचा दंड होता.

मला तात्या आठवले. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचंही डाव्या हातापासून सुरू झालं होतं. आधी कोयता निसटायला लागला, मग शर्टाचं बटण लागेना, मग चमचा. चेतातंतू मरत जातात आणि स्नायू वाळत जातात असा तो आजार. काही घराण्यांत तो उतरतो. अडीच-तीन वर्षांत तात्या संपले. शेवटी त्यांना बाबाच उचलून परसात नेत असत.

“मनाली, यंत्र फक्त भार सांगतं,” ओगलेमॅडम म्हणाल्या. “भार का कमी झाला ते सांगत नाही. आणि अजून कमरेचं हाड वाचायचं बाकी आहे.”

हे वाक्य मी स्वतः विद्यार्थ्यांना शंभर वेळा ऐकवलं असेल. त्या दिवशी ते माझ्या कानावरून गेलं. फॉर्ममध्ये ‘बदल नाही’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. चढायची रीत बदलली नसेल तर हातच गेलेला असणार, याशिवाय मला काही सुचेना. मी पणजीच्या मेंदूविकारतज्ज्ञांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आणि शुक्रवारी बिनचालकाच्या बसने गावी निघाले. घाटात बस आपली शांतपणे वळणं घेत होती आणि मी, बाबांना काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होते. एकही धड जमलं नाही.

शेवटी शनिवारी जेवताना सांगून टाकलं. तात्यांचं नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच नव्हती. बाबांनी घास ताटात ठेवला आणि डाव्या हाताची मूठ दोनदा मिटली, उघडली.

“खरा सांगू?” ते म्हणाले. “हल्ली ह्या हातात जोर नाय माझ्या. कळशी उचलताना कळता.”

इतका वेळ कुठेतरी वाटत होतं, ते हसतील आणि मला वेड्यात काढतील. ते हसले नाहीत. आई माझ्याकडे बघत होती, जणू मी तो आजार बॅगेत घालून पुण्याहून आणला होता.

“येत्या बेस्तरवारी जत्रा,” बाबा म्हणाले. गुरुवार पाच दिवसांवर होता. “अनंताक सांगूक होया. यंदा दुसरो कोण तरी बघांदे.”

हे साधं वाक्य नव्हतं. वेळशेतच्या देवळासमोर गावातला सगळ्यात उंच माड आहे. जत्रेच्या सकाळी त्याची शहाळी देवाला जातात आणि ती केळुसकरांच्या पाडेल्यानेच काढायची असा मान आहे. आजोबांकडून तो तात्यांकडे आला, तात्यांचा हात गेल्यावर बाबांकडे. अनंत गावकर जत्रेची व्यवस्था बघतात. एकदा त्यांच्या तोंडून दुसऱ्या घराण्याचं नाव निघालं, की मान परत येत नाही. ‘तुमी आता माडार चढा नको’ हे मीच बाबांना जेवता जेवता सांगितलं होतं.

बाबा ताट अर्धं टाकून उठले. रविवारी सकाळी ते पडवीत बसून होते, सुंभ वळायला घेतलेलं तसंच पुढ्यात पडलं होतं. मध्येच डावा हात वर करून बोटं मोजल्यासारखी हलवून बघायचे. एका दिवसात त्यांनी दहा वर्षं गाठली होती, आणि ती मी गाठून दिली होती.

तेवढ्यात ओगलेमॅडमचा फोन आला.

“तुझे बाबा बसतात कुठे?” त्यांनी विचारलं.

“पडवीत बसलेत. का?”

“आत्ता नाही गं. एरवी. बुवांनी कमरेचं हाड वाचलं. डाव्या दंडावरचा भार ज्या सहामाहीपासून उतरायला लागला, त्याच सहामाहीपासून बसायच्या हाडावरचा वाढलाय. आणि हे खुर्चीवरचं बसणं नाही. बसल्या बसल्या पुढे वाकायचं, हात लांब करायचा, काहीतरी ओढायचं, असा भार आहे. मी अख्खा संग्रह ताडून पाहिला. जवळचं कोण निघालं माहीत आहे? फांदीवर बसून पाला ओरबाडणारं वानर. आणि त्याच्याही जवळचं चाळीस नंबर.”

मी फोन कानाला तसाच ठेवून बाबांकडे बघितलं.

“बाबा,” मी म्हटलं, “तुमी माडार बसतास?”

बाबांनी सुंभ हातात घेतलं आणि खाली मान घालून वळायला लागले. कान लाल झाले होते. माझ्या आयुष्यात मी बाबांचे कान लाल झालेले पाहिले नव्हते.

“विचारता ता सांगा एकदाचा,” आतून आईचा आवाज आला.

“तू गप रव.”

आई गप्प राहिली नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली, सरळ परसातल्या खोपीत गेली आणि गोणपाटाखालून एक लोखंडी सांगाडा ओढत पडवीपर्यंत घेऊन आली. दोन पायटे, खोडाभोवती अडकवायचे दोन तारेचे फास आणि मध्ये रबराची गादी ठोकलेली छोटी बैठक. बैठकीचं रबर वापरून गुळगुळीत झालं होतं.

“ही ह्येंची सायकल,” आई म्हणाली. “तीन वर्सा होतीत आता. मुंबयकारांच्या बागेत जावन चढतत, थय बघूक कोण नाय म्हणान. गोणपाटात गुंडाळून नेतत, चोरीचो माल असल्यासारखी.”

“अगो, मगे कालच सांगाचा नाय?” मी म्हटलं.

“माका कोणी इचारल्यान?” आई म्हणाली. “तू म्हणालंस हाताचो रोग. सायकलीचो हाताशी काय संबंध, ता माका काय ठाव?”

मी पडवीच्या पायरीवर बसले. संबंध एवढा सरळ होता, की कुणी तो शब्दांत सांगितलाच नव्हता. जुन्या पद्धतीत वर पोचलं की डाव्या हाताने खोडाला मिठी मारायची; सगळं अंग त्या एका हातावर तोलून उजव्याने कोयता चालवायचा. यंत्रात अंग बैठकीवर. डाव्या हाताला काम उरलं नाही, म्हणून हाडाने आपला माल काढून घेतला. कळशी जड वाटत होती ती त्याचमुळे. रोग कसला न् काय कसला. मी आधी हसायला लागले, मग रडायला लागले, आणि मधलं काही मला आठवत नाही. माझा जीव भांड्यात पडला होता, त्याचा आवाज मात्र मलाच ऐकू आला असेल, कारण फोनमधून ओगलेमॅडम अजून “मनाली, आहेस ना?” असं विचारत होत्या.

“सांगाक लाज वाटली,” बाबा हळूच म्हणाले. “गुडघे बोलूक लागले. काय करतलंय? आणि थय तुझ्या हापिसात त्या दोन चेडवांच्या पुढ्यात...”

“मरणाक तयार झालास, पण सायकल सांगूक नाय?”

त्यांनी यावर खरोखरच विचार केला. “होय,” ते म्हणाले.

मंगळवारची वेळ मी रद्द केली नाही. बुवांवर एकदा डोळे मिटून विश्वास ठेवून झाला होता, आता स्वतःच्या तर्कावर तसाच ठेवायची इच्छा नव्हती. पणजीच्या डॉक्टरांनी सुया लावून चेतातंतू तपासले, आलेख काढले, मग स्वतःची दोन बोटं पुढे करून डाव्या हाताने दाबायला सांगितलं. बाबांनी दाबली. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि बोटं चोळत म्हणाले, “चेतातंतू उत्तम आहेत. हात वापरात नाही, एवढंच. व्यायाम सुरू करा.” परतीच्या वाटेवर बाबांनी तीन कप चहा प्यायला आणि प्रत्येक कप डाव्या हातात धरला.

पण एक प्रश्न उरला होता. जत्रा परवावर आली होती. गावासमोर बाबा दरवर्षी जुन्या पद्धतीने चढत, फासाने, हाताने, आणि गेली दोन वर्षंही तसेच चढले होते. मी बुवांचे आकडे पुन्हा काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. देवळासमोरच्या माडाच्या शेंड्याशी, वाऱ्यात, शहाळ्यांचा घड सुटताना डाव्या दंडावर जो झटका येतो, तो पेलायला त्या दंडात यंदा पुरेसं हाड नव्हतं. गेल्या वर्षी निभावलं ते थोडक्यात.

“म्हणजे पडान मेलंय असतंय?” बाबांनी विचारलं.

“मेलास नसतास तर तुटलास असतास.”

आता बाबांपुढे दोनच वाटा होत्या: मान सोडायचा, नाहीतर सगळ्या गावाला सायकल दाखवायची. मला वाटलं, ते मान सोडतील. बुधवारी सकाळी त्यांनी नवा शर्ट घातला आणि म्हणाले, “चल अनंताकडे. माका एकट्याक बोलूक जमाचा नाय.”

अनंत गावकर देवळाच्या सभामंडपात पताका लावून घेत होते. बाबांनी घसा साफ केला, कधी नव्हे ते शुद्ध मराठीत सुरुवात केली, दोन वाक्यांनंतर अडकले आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. सायकल, मुंबईकरांची बाग, गोणपाट, हाताचं हाड. शेवटी म्हणाले, “आता मान काढून घेतलास तरी माझा काय म्हणणा नाय.”

गावकरांनी हातातली पताका खाली ठेवली.

“दिगंबरा,” ते म्हणाले, “गेल्या वर्सा चवथेच्या आधी मी तुका मुंबयकारांच्या माडार बसलेलो बघलंय. म्हटलंय, सांगात तेव्हा सांगात. गावातले चारय पाडेली सायकलीर चढतत आणि चारय जण एकमेकांपासून लपवतत. मी कोणाकोणाक तोंडार सांगू?” त्यांनी पताका परत उचलली. “देवाक शहाळा होया. उभ्यान काढ नायतर बसान काढ. पण ढोल वाजाच्या आधी काढ.”

देवळाबाहेर आल्यावर बाबा माडाच्या बुंध्याशी थांबले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “तीन वर्सा फुकट गेली गो,” ते म्हणाले. मग हसायला लागले ते घरापर्यंत.

मी ओगलेमॅडमना फोन केला. आमच्या फॉर्ममध्ये त्याच दिवशी एक सूचना वाढली: माहिती घेताना खोलीत तिसरं कुणी नको, आणि पोटची मुलगी तर मुळीच नको. चाळीस नंबरचा निबंधही त्यांनी नव्याने लिहायला घेतला होता. हाताने लोंबकळत नव्हतं म्हणजे झाडावर नव्हतं, हा निष्कर्ष बाबांच्या हाडाने निकालात काढला. ज्याने जवळजवळ तीन वर्षं माडावर बसून काढली त्याचा डावा दंडही तसाच दिसत होता. चाळीस नंबर झाडावरच होतं. ते हळूहळू वर जायचं, सोयीची फांदी बघून बूड टेकायचं आणि दोन्ही हातांनी निवांत खायचं.

“आठ वर्षं मी त्याला जमिनीवरून चालवलं,” मॅडम म्हणाल्या. “बिचारं वर बसलं होतं.” त्यांच्या आवाजात मला वाईट वाटल्यासारखं काही ऐकू आलं नाही. उलट सुटल्यासारख्या वाटल्या.

गुरुवारी सकाळी सगळं गाव देवळासमोर जमलं होतं. बाबांनी लोखंडी सांगाडा खांद्यावरून आणला तेव्हा कुजबुज झाली, एकदोघे फिदीफिदी हसले, आणि उरलेले तीन पाडेली फार लक्षपूर्वक आपापल्या पायांकडे बघत राहिले. बाबांनी कुणाकडे बघितलं नाही. खोडाला फास अडकवला, देवाच्या दिशेने हात जोडले आणि बैठकीवर बसून वर निघाले. वर, उठ, बैस, पुन्हा वर. दरवर्षी मी हे डोळे अर्धे मिटून बघत असे. यंदा नुसती बघत होते.

शेंड्याशी पोचल्यावर त्यांनी घड दोरीला बांधून सावकाश खाली सोडला. एकही शहाळं फुटलं नाही. ढोल सुरू झाला. गावकरांनी शहाळी आत नेली. बाबा मात्र खाली येईनात.

“बाबा,” मी ओरडले, “हात दुखता?”

“नाय गो.”

“मगे उतरा.”

त्यांनी कोयता कमरेला अडकवला होता आणि तोंड पश्चिमेकडे वळवलं होतं.

“मने,” ते वरून म्हणाले, “हयसून दर्या दिसता गो. वेंगुर्ल्याच्या बत्तीपर्यंत. एकुणपन्नास वर्सा चढतंय, पण कधी मान फिरवन बघूक गावला नाय. एक हात माडाक, डोळे कोयत्यार.”

मी आईकडे बघितलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“बसांदे त्येंका जरा,” ती म्हणाली.

मग आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. ढोल वाजत होता, आणि वर बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.